सात माणसांचं बाक

“माणूस पंचेचाळीस सेंटीमीटर असतो.”

त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. या नाही, कोण पाहिजे नाही. मी हैदराबादेत नारायणगुड्यातल्या त्यांच्या घरी वरची खोली भाड्याने मिळेल का हे विचारायला गेले होते. दार उघडणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे असावेत. उंच, खांद्यात किंचित वाकलेले. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि सुताराकडे असते तशी स्टीलची टेप. त्यांच्या मागे दिवाणखाना होता आणि त्यात सोफा नव्हता, साधी खुर्चीसुद्धा नव्हती. एका भिंतीला लागून दहा फुटांहून लांब असं एक निळं बाक होतं. त्याला पाय नव्हते. ते भिंतीतूनच बाहेर आलेलं होतं. बसायच्या जागी सात उथळ खोलगे होते, आणि बाकाच्या पुढच्या कडेपासून छतापर्यंत दोन चकचकीत नळ्या गेल्या होत्या.

“बसा,” ते म्हणाले. मी कडेच्या खोलग्यात बसले.

“बघा, टोकाला बसलात. सगळे टोकालाच बसतात. मग नळीच्या बाजूच्या जागा भरतात. मधली, चार नंबरची जागा सगळ्यात शेवटी.” आणि ते स्वतः जाऊन त्या चार नंबरच्या जागेवर बसले. “तुम्हाला जपानी वाचता येतं म्हणे?”

येत होतं. नांदेडला कॉलेजात असताना मी हौसेने ती भाषा शिकायला घेतली होती, आणि पुढे तिच्याच जोरावर हायटेक सिटीतल्या एका कंपनीत भाषांतराची नोकरी लागली होती. ऑफिसातल्या ज्या मैत्रिणीने हे घर सुचवलं तिनेच त्यांना ते सांगून ठेवलं होतं.

“मग खोली तुमची. एकच अट. दर रविवारी सकाळी मला एक पान वाचून दाखवायचं. आळस चालणार नाही, मास्तरीणबाई.”

त्या दिवसापासून मी मास्तरीणबाई आणि ते काका. अट मी लगेच मान्य केली, कारण रविवारी मला जायला कुठेच नव्हतं. वडिलांनी ठरवलेल्या एका स्थळाला मी नाही म्हटलं होतं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते आणि मी घरी जात नव्हते. नांदेड काही लांब नाही, पाच-सहा तासांचा प्रवास. पण पुढची दीड वर्षं मी त्या गाडीत पाय ठेवला नाही.

रेल्वेचे डबे बांधायच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात काकांची सगळी नोकरी गेली होती. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांना सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं. त्या वेळी तोक्योत लोकलची एक नवी जात नुकतीच धावू लागली होती, दोनशे नऊ नंबरची. रंग न दिलेला स्टेनलेस स्टीलचा डबा आणि कमरेला फक्त एक आकाशी पट्टा. काका रोज सकाळी त्या गाडीने हॉटेलातून ट्रेनिंगला जायचे. सहा आठवड्यांत त्यांनी जपानमध्ये दुसरं काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. डोंगर, देवळं, बागा यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. त्यांनी पाहिलं ते बाक.

“आपल्याकडे सरळ बाक असतं,” ते सांगायचे. “सात जणांचं असलं तरी सहाच जण बसतात, ऐसपैस. सातवा उभा राहतो. मग तो म्हणतो, जरा सरका. हे म्हणतात, जागा कुठाय? झाली सुरुवात. यांनी काय केलं? बोर्ड नाही लावला. शिट्टी नाही. नुसते पंचेचाळीस सेंटीमीटर रुंदीचे सात खोलगे केले आणि दोन नळ्या लावल्या. नळ्यांनी बाकाचे तीन भाग पडतात, दोन, तीन आणि दोन. माणूस आपोआप आपल्या खोलग्यात बसतो. म्हाताऱ्याला उठताना धरायला नळी मिळते. आणि बसणाऱ्याला पत्ताच नाही की आपल्याला कोणीतरी बसवलंय!”

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज दरवेळी जरा खाली यायचा.

घरातलं बाक त्यांनी निवृत्त झाल्यावर बनवून घेतलं होतं. ते भिंतीतून अधांतरी निघायला हवं म्हणून गवंड्याने भिंत दोनदा फोडली, असं यादम्मा सांगायची. यादम्मा म्हणजे त्यांच्याकडे वीस वर्षं धुणं-भांडी-झाडलोट करणारी बाई. पूर्ण घरात त्या बाकाचं मनापासून कौतुक असलेली ती एकटीच. “खालून झाडू सरळ जातो,” ती तिच्या तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणायची. “सारूला अक्कल आहे.” काकांना हे फार आवडायचं. जपानी इंजिनिअरांनी पाय काढले ते झाडण्यासाठीच, हे यादम्माला न शिकता कळलं, असं ते येईल त्याला सांगत.

येणारे मात्र फार नव्हते. पोस्टमन, गॅसवाला, वर्षाकाठी एखादा जुना सहकारी. सातच्या सात जागा भरलेल्या मी कधीच पाहिल्या नाहीत. एकदा गल्लीतल्या गणपतीची वर्गणी मागायला पाच जण आले, तेव्हा काका इतके खूश झाले की त्यांनी मला वरून हाक मारून बोलावलं. ते पाच, मी सहावी आणि चार नंबरवर काका. पण त्या मंडळींतला एक जण उभाच राहिला. त्याला पुढच्या घरी जायची घाई होती.

टेप त्यांच्या खिशात सदैव असे. हिमायतनगरच्या टिफिन सेंटरमध्ये इडली येईपर्यंत ते टेबलाची उंची मोजत. लग्नाच्या हॉलमध्ये दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजत. एकदा मेट्रोत मी त्यांच्याबरोबर होते. दुपारची वेळ होती आणि डबा निम्मा रिकामा. त्यांनी टेप काढून बाकावर पसरली आणि मला दुसरं टोक धरायला लावलं. पुढच्या स्टेशनवर गणवेशातला एक गार्ड आत आला.

“क्या कररे अंकल?”

“नाप लेरौं, मियाँ.”

“कायको?”

“तुमारे वास्तेच. बैठो इधर.”

तो गार्ड खरोखर बसला. काकांनी त्याची रुंदी घेतली, वहीत लिहिली आणि वहीवर मान हलवली. “बावन्न. जॅकेट धरून.” गार्ड हसून हसून परेशान झाला. उतरताना त्याने काकांना चक्क सलाम केला. मेट्रोच्या बाकाबद्दल वहीत काका काय लिहितात ते मी डोकावून पाहिलं. फक्त ‘ठीक आहे’ असं लिहिलं होतं. त्यांच्याकडून ही फार मोठी शाबासकी होती.

एक हकिकत मात्र त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही. ती मला त्यांच्या त्या जुन्या सहकाऱ्याकडून कळली. हैदराबादेत लोकल गाड्या सुरू करायचं चाललं होतं तेव्हा काकांनी सहा महिने खपून, खोलगे आणि नळ्यांच्या बाकाचे नकाशे काढले होते. ती फाइल वरच्या ऑफिसात गेली आणि महिन्याभराने परत आली. तिच्यावर एवढंच लिहिलेलं होतं, ‘गरज नाही.’ काकांनी त्यानंतर चार महिन्यांत मुदतीआधी निवृत्ती घेतली.

रविवारचं वाचन नऊ वाजता असायचं. काकांनी जपानहून येताना त्या गाडीची माहितीपत्रकं, रेल्वेची मासिकं, छापील नकाशे असं एक खोकं भरून आणलं होतं. चित्रं त्यांना पाठ होती, पण मजकूर तीस वर्षांत त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता. मी टोकाला बसायची, ते चारवर, आणि मधल्या दोन खोलग्यांत कागद. मी एक वाक्य वाचून मराठीत सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. दाराची रुंदी, काचेचा रंग, हातात धरायच्या कड्यांची उंची. माझ्या ऑफिसच्या कामापेक्षा हे सोपं होतं आणि खरं सांगायचं तर जास्त आवडीचंही.

संध्याकाळी सहाला त्यांचा दुसरा ठरलेला कार्यक्रम होता. काकू पुण्यात, आपल्या धाकट्या बहिणीकडे राहत. काका रविवारी त्यांना फोन करायचे. काकूंना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. भांडण झालेलं नव्हतं. बहिणीच्या आजारपणात मदतीला म्हणून गेल्या, बहीण बरी झाली, आणि या परतल्या नाहीत, एवढंच. फोनवरचं बोलणं जिन्यात ऐकू यायचं. पाण्याची टाकी साफ केली. यादम्माच्या मुलीला मुलगा झाला. हो, गोळ्या घेतो. ठीक आहे. तीन मिनिटांत फोन खाली.

मला येऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. एका रविवारी खोक्याच्या तळाशी एक मासिक निघालं. त्यातल्या लेखात ही गाडी बांधण्यामागचा विचार सांगितला होता. मी नेहमीसारखी वाचत गेले. “या गाडीच्या रचनेत तीन गोष्टी निम्म्या करायचं ठरलं. निम्मं वजन, निम्मी किंमत...”

“बरोबर,” काका डोळे न उघडता म्हणाले. “आम्हाला सांगितलं होतं.”

“...आणि निम्मं आयुष्य.”

त्यांनी डोळे उघडले. “काय?”

मी पुन्हा वाचलं. गाडी तेरा वर्षं चालली की तिचा सगळा खर्च वसूल झालेला असेल, मग ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा मोडीत काढून नवीन आणता येईल, अशा हिशेबाने ती बांधली होती.

“असं लिहिलंय?”

“हो, काका.”

“आम्हाला दोनच निम्मे सांगितले होते,” ते म्हणाले. “दुभाष्या होता बरोबर. तिसरं राहून गेलं असेल त्याच्याकडून.” ते उठले, दोन्ही नळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि आत गेले. पान अर्धंच राहिलं. संध्याकाळी सहाला त्यांनी पुण्याला फोन केला नाही.

पुढचे दोन दिवस ते खोलीबाहेर फारसे आले नाहीत. यादम्मा वर येऊन मला म्हणाली, “सारूला काय वाचून दाखवलंस? जेवत नाहीत.” मला अपराधी वाटलं. ज्या गाडीपायी या माणसाने तीस वर्षं घालवली, ती बांधणाऱ्यांनीच तिला टाकून द्यायची म्हणून बांधली होती, आणि हे मीच त्यांना सांगितलं होतं. काकांकडे बटणांचा साधा फोन होता. इंटरनेटवर शोधणं वगैरे त्यांना माहीत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आल्यावर शोधत बसले, आणि मग धावत खाली गेले.

“काका, सगळ्या नाही मोडल्या. काही डबे अजून चालतात.”

ते बाकावर बसले होते. मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवले. तोक्योच्या पूर्वेला समुद्रात शिरलेला जमिनीचा एक मोठा तुकडा आहे. तिथल्या किनाऱ्याकाठच्या शांत लाइनवर हे जुने डबे पाठवले होते. आकाशी पट्ट्याच्या जागी पिवळा-निळा पट्टा आला होता. प्रवास लांबचा आणि माणसं वयस्कर, म्हणून डब्यात संडास बसवले होते. टोकाच्या डब्यांत समोरासमोरची बाकंही टाकली होती.

“संडास बसवले?” काका कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. मग हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. “माझ्यासारखंच झालं की. नोकरीतून काढलं आणि रात्री उठायची सोय करून दिली.”

“पण आता तेही हळूहळू काढताहेत,” मी म्हटलं. “नवीन गाड्या येताहेत.”

“किती दिवस आहेत?”

“माहीत नाही.”

त्या रविवारी सहाच्या फोनवर नेहमीचं टाकीचं, गोळ्यांचं झालं. मग काकांचा आवाज आला, “तुझा पासपोर्ट आहे का गं?... आहे?... नाही, सहज विचारलं. ठेवतो.”

मी जिन्यात होते. मला खाली जाऊन त्यांचे खांदे धरून हलवावेसे वाटले. पण मी भाडेकरू होते. मुकाट्याने वर गेले.

नोव्हेंबरच्या शेवटी काका एकटेच गेले, आठ दिवसांसाठी. तिकिटं, हॉटेल, व्हिसा सगळं मीच केलं. जाड कागदाच्या पट्ट्यांवर जपानीत वाक्यं लिहून दिली आणि खाली देवनागरीत उच्चार. ‘मी शाकाहारी आहे.’ ‘मला या स्टेशनला जायचं आहे.’ ‘मी भारतात रेल्वेच्या डब्यांचे नकाशे काढायचो.’ हे शेवटचं त्यांनी सांगून लिहून घेतलं. गेल्यावर त्यांचा एकही फोन आला नाही. घरात मी आणि ते लांब निळं बाक. दोन-तीनदा ऑफिसातून आल्यावर मी चार नंबरवर जाऊन बसले. तिथून दिवाणखाना खूप मोठा दिसायचा.

आले ते थकलेले, पण नीट. चहा झाल्यावर मी विचारलं, “मिळाली का गाडी?”

“मिळाली. तीन दिवस बसलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत.” त्यांनी वही काढली, पण उघडली नाही. “बाक तेच आहे. कापड बदललंय. पंचेचाळीस भरलं.”

 

“दुपारी डब्यात चार-पाच जणच असतात,” ते जरा वेळाने म्हणाले. “एक म्हातारी चढली. माझ्याच वयाची. एवढा डबा रिकामा, पण माझ्या शेजारच्या खोलग्यात येऊन बसली. पिशवीतून संत्रं काढून दिलं. मग काहीतरी विचारलं. मी तुमच्या पट्ट्या दाखवल्या, शाकाहारीची, डब्यांची. ती हसली, मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा पण तेच. मला कळेना. मग तिचं स्टेशन आलं आणि ती उतरली. खाली उभी राहून हात हलवला.” त्यांनी वही खिशात ठेवली. “तीनदा विचारलं ना, म्हणून पाठ झालं. ओ-हितोरि देस का. असं. काय होतं ते?”

मला ते सांगायला नको वाटलं. पण सांगितलं.

“एकटेच आलात का, असं.”

काकांनी मान हलवली. रिकामा कप हातात घेऊन ते आत ठेवायला गेले. तो दिवस गुरुवार होता, रविवार नव्हता. तरी आतून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला.

“मी बोलतोय... हो, आलो. हो, बरं झालं सगळं... ऐक ना. तू गेल्यावर इथे मेट्रो झाली. आपल्या गल्लीतून पाच मिनिटांवर स्टेशन आहे.” मग आतून कप विसळल्याचा आवाज आला. “बघायला येतेस का?”

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. “विचार करून सांगते म्हणाली.”

काकू जानेवारीत आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, गुडघ्यांनी जरा बेजार, आणि बोलण्यात एकदम फटकळ. हिमायतनगरचंच माहेर असल्यामुळे त्यांच्या मराठीत अधूनमधून हैदराबाद डोकावायचं. आल्या आल्या त्यांनी यादम्माला मिठी मारली, बाकाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “हे अजून आहेच का?” मग टोकाला न बसता, सरळ चार नंबरच्या जागेवर जाऊन बसल्या. काका क्षणभर उभेच राहिले. मग पाच नंबरवर बसले.

पुढचे सात दिवस दोघं रोज दहा वाजता निघायचे. मेट्रोने परेड ग्राउंडला जाऊन गाडी बदलायची, कधी नागोल, कधी हायटेक सिटीच्याही पुढे, शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदा उतरून आबिड्सच्या बाजारात गेले आणि काकूंनी यादम्माच्या नातवासाठी स्वेटर घेतला. मी सकाळी ऑफिसला जाताना एकदा त्यांच्याच डब्यात होते. काका हाताने हवेत नळी काढून दाखवत होते आणि काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मी ओळख दिली नाही.

सातव्या दिवशी दुपारी गच्चीवर मी कपडे काढत होते, तेव्हा काकू एकेक पायरी चढत वर आल्या. उन्हात पाय पसरून बसल्या.

“काय पोरी, त्रास देत असतील ना हे?”

“नाही हो काकू. मला आवडतं वाचून दाखवायला.”

“हौ, आवडेलच. बोलायला लागले की गोडच आहेत.” त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “तुला वाटत असेल, गाडीच्या वेडापायी बाई घर सोडून गेली. तसं काही नाही. वेड चांगलं असतं. माझ्या वडलांना कबुतरांचं होतं. पण यांची ती फाइल वापस आली ना, तेव्हापासून हा माणूस घरी आलाच नाही बघ. बोलायचे, खूप बोलायचे. विचारायचे नाहीत काही. माझी आई गेली. मी तेराव्याहून घरी आले, तर हे मला कड्यांची उंची सांगत होते. तू कशी आहेस, एवढं तरी? नाही.” मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “तुला किती दिवस झाले इथे?”

“दीड वर्ष होईल.”

“तुझं गाव कोणतं, घरी कोण आहे, हे विचारलं कधी त्यांनी?”

मी आठवून पाहिलं. “विसरले असतील,” मी म्हटलं.

काकू हसल्या. वाईट वाटून घेऊ नकोस अशा अर्थाने त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही दोघींनी मिळून कपड्यांच्या घड्या घातल्या.

नामपल्लीहून पुण्याला जाणारी त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. रविवार होता म्हणून मी बॅग उचलायला बरोबर गेले. काकांनी काकूंना खिडकीजवळची जागा बघून दिली, पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. टेप काढली, परत ठेवली. सिग्नल पडला. मी दोन पावलं मागे सरकले, तरी ऐकू येतच होतं.

“राहतेस का?” काका म्हणाले. “उतर. राहा इथेच.”

काकूंनी खिडकीच्या गजातून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

“नाही हो. आता तिकडची सवय झाली. बहीण एकटी पडेल.” मग त्यांनी गजातून हात बाहेर काढून काकांच्या बाहीवरचा कसला तरी धागा काढला. “पण विचारलंत. बरं केलंत.”

गाडी हलली. काका तिच्याबरोबर चालले नाहीत. शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडेपर्यंत एका जागी उभे राहिले. मग वळले आणि जिन्याकडे न जाता उलट्या दिशेने निघाले. मी त्यांना हात धरून वळवलं.

बाहेर रिक्षा मिळाली. आबिड्सच्या चौकात गर्दी होती, तिथे आम्ही अडकून पडलो. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. मागचे हॉर्न वाजवत होते आणि रिक्षावाला कोणाला तरी ओरडत होता.

“मास्तरीणबाई,” काका म्हणाले. समोर बघतच. “तुमचं गाव कोणतं?”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. “नांदेड.”

“घरी कोण असतं?”

“आई आहे. भाऊ शिकतोय.” मी थांबले. “वडील आहेत. ते बोलत नाहीत माझ्याशी.”

रिक्षा थोडी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. काकांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. एखादं अवघड पान असलं की पाहायचे तसं.

“का बरं?”

मग मी सांगायला लागले. स्थळ कसं आलं, मी काय म्हटलं, वडील जेवणाच्या ताटावरून कसे उठले, आई फोन ठेवताना दरवेळी काय म्हणते. दीड वर्षात हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मध्येच मी थांबले. काका जरा माझ्याकडे सरकून, हॉर्नच्या वर ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाले,

“मग?”